हातावरचा वारा

गेल्या मे महिन्यात तीन वर्षांनी कराडला घरी गेले. विमान मुंबईत मध्यरात्री उतरलं आणि गाडीनं खंबाटकी ओलांडून दारात पोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. पाय धुतले, ओला टॉवेल मानेवर टाकला आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकले. ‘आई, पाणी दे गं.’ आईनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, फुलपात्र पुढे केलं. पाण्याला वाळ्याचा वास होता. तीन वर्षं ज्याची आठवण येते हे मला कळलंही नव्हतं, तो वास. मी एका दमात फुलपात्र रिकामं केलं, दुसरं मागितलं. आई तांब्या हातात धरून तशीच उभी होती.

‘फाणी म्हणालीस,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘पाणी नाही म्हणालीस. फाणी म्हणालीस.’

‘काहीतरीच काय, आई. दमलेय मी.’ ‘असेल,’ म्हणाली आणि कुकर लावायला वळली. विषय तिथेच संपला. पण तिचा तो सूर माझ्या कानातून जाईना. तिनं चेष्टा केली नव्हती, तक्रारही केली नव्हती. लहानपणी शाळेतून आल्यावर कपाळाला हात लावून ती म्हणायची, ‘अंग कोमट लागतंय गं तुझं.’ अगदी तोच सूर. मला काही होत नसायचं, मी खेळायला पळायचे, आणि रात्री खरंच ताप चढलेला असायचा.

आईच्या कानाबद्दल सांगायला हवं. ती ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि त्यातली बहुतेक वर्षं तिनं पहिली-दुसरीलाच काढली. बाराखडी, पाढे, पाणी प्यायची सुट्टी. आमच्या घरात चुकीचं शुद्धलेखन एक वेळ खपे, पण चुकीचा उच्चार खपत नसे. सगळ्यांत जास्त जीव फ वर. फ म्हणजे एफ नव्हे, हे ती आयुष्यभर सांगत आली. खालचा ओठ वरच्या दातांना लावून केलेला फ तिला चालायचा नाही. दोन्ही ओठ मिटायचे, मग वारा सोडून उघडायचे. आणि हे शिकवायची तिची एक रीत होती. पोराच्या तोंडासमोर स्वतःचा हात धरायची, तळवा बाहेर आणि हाताची पाठ पोराच्या ओठांकडे. ‘प म्हण.’ हाताला काही लागायचं नाही. ‘आता फ म्हण. लागला का वारा? मला लागला बघ.’ मग पोराचा हात त्याच्याच तोंडासमोर धरायची. शाळेच्या कौलारू वर्गात चाळीस पोरं आपापल्या हातावर फुंकर मारत बसलेली मला अजून दिसतात. मीही त्यांतलीच एक.

म्हणून ती ‘फाणी म्हणालीस’ म्हणाली तेव्हा मी वरवर झटकून टाकलं तरी आतून मला ठाऊक होतं. हा कान चुकत नाही.

इंग्रजी मला पाचवीत भेटली, १९९९ साली. पुढच्याच वर्षी राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे आमची बॅच त्या जुन्या वाटेनं गेलेल्या शेवटच्या बॅचेसपैकी एक. एबीसीडी आम्ही बाकावर बसून मराठीतून शिकलो. पी म्हणजे प, बी म्हणजे ब. त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पोलीस, पोस्ट, पेन, पाकीट हे सगळे शब्द आमच्या आज्यांच्या तोंडीसुद्धा प मध्येच बसले होते. पुढे कराडला बी.ए., कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए., दोन्ही इंग्रजी घेऊन. आमचे सर जुनी इंग्रजी नाटकं मराठीत समजावून सांगत आणि इतकी सुंदर सांगत की राजाच्या दुःखानं वर्ग गप्प व्हायचा. मी मात्र इंग्रजी शिकले ती डोळ्यांनी. वाचनालयाच्या टेबलाशी, दुपारी, पंख्याच्या घरघरीत. पानावरचे शब्द मनात माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात वाजायचे. ‘एपिटमी’ हा शब्द मी कित्येक वर्षं ‘एपिटोम’ असा वाचत आले. तो बोलायची वेळच आली नाही, म्हणून चूक कुणाला कळली नाही. पुस्तकातली इंग्रजी माझी जिवाभावाची होती, पण तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

२०१४ साली मी इंग्रजीतच पीएच.डी. करायला इलिनॉयला निघाले तेव्हा नातेवाईकांना ते पटेना. अमेरिकेला मुलं जातात ती एम.एस. करायला, कॉम्प्युटरसाठी. ‘इंग्रजी शिकायला? येते की तुला,’ असं काका म्हणाले, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत मला वाचनात ३० पैकी ३० होते. बोलण्यात तेवढे नव्हते, पण भागले. ते गाव मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध होतं. क्षितिजापर्यंत सपाट, कुठे टेकाडसुद्धा नाही. आगाशिवाच्या डोंगराखाली वाढलेल्या माणसाला असं सपाट दिसलं की डोळे कुठे टेकवावेत कळत नाही. आठवड्याला २० तासांची असिस्टंटशिप होती, म्हणजे शिकायचं आणि शिकवायचंही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन. सकाळी आठचा वर्ग, एकोणीस मुलं, सगळी अठरा-एकोणीस वर्षांची.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी तास संपताना मी म्हटलं, पुढच्या बुधवारी आपण पिअर रिव्ह्यू करणार आहोत, प्रत्येकानं कच्चा खर्डा आणा. म्हणजे एकमेकांचे निबंध वाचून सूचना करायच्या, तिथल्या लेखनवर्गातली अगदी रोजची गोष्ट. वर्गात एक क्षण शांतता झाली आणि मग मागच्या रांगेतून हसू फुटलं. एका मुलानं हात वर केला. त्याचे कान लाल झाले होते. मला दुखावायचं त्याच्या मनात नव्हतं, तो खरोखर गोंधळला होता. त्यानं विचारलं, ‘मॅम, बिअर रिव्ह्यू?’ अमेरिकेत एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दारू मिळत नाही आणि त्या वर्गातलं कुणीच एकवीस वर्षांचं नव्हतं. मी पाठ वळवून फळ्यावर शब्द लिहिला, मोठ्या अक्षरात. लिहिताना पाठीवर एकोणीस जणांची नजर जाणवत होती. त्यानंतर सबंध सेमिस्टर मी पी नं सुरू होणारा प्रत्येक शब्द आधी लिहायचे आणि मग बोलायचे. पेज, पॅराग्राफ, पॉइंट. इंग्रजीची एम.ए. मी, माझ्याच विषयाच्या वर्गात खडूचा आधार घेऊन उभी राहत होते. त्या रात्री आईला फोन केला नाही.

परदेशी असिस्टंटांसाठी तिथे उच्चाराचा एक वर्ग असायचा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी कायदे केले, की परदेशी माणसाला वर्गात उभं करण्याआधी त्याचं बोलणं तपासा. विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या तक्रारींमधून ते कायदे आले आणि हे वर्ग त्यांच्यापाठोपाठ. माझ्यावर सक्ती नव्हती, मी स्वतःहून नाव घातलं. तळघरातली खोली, रेडिएटरचा ठकठक आवाज, ओल्या लोकरीचा वास. एक चिनी गणिती, एक इराणी सिव्हिल इंजिनिअर, एक तमिळ मुलगा फिजिक्सचा, आणि मी. बाई सत्तरीच्या असतील. त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. पट्टी ओठांसमोर धरा आणि म्हणा, पेपर. चिनी मुलाची पट्टी पहिल्याच फटक्यात उडाली. इराण्याचीही. तमिळ मुलाची हलली नाही. माझी हलली नाही.

बाईंनी समजावलं, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी नेहमी श्वास सोडून येतो. तो वारा नसेल तर आमच्या कानाला तो बीच वाटतो. मी पट्टी समोर धरून दहा वेळा म्हटलं, आणि दहाही वेळा तो माझ्या शाळेतला, पतंगातला प होता. कोरडा, मिटलेला, स्वच्छ. मग एकदम लख्ख उजेड पडला. मी बाईंना म्हटलं, थांबा, हा आवाज माझ्याकडे आहे. आणि मराठीत म्हटलं, ‘फणस.’ पट्टी उडून बाईंच्या दिशेनं गेली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मी फळ्यावर आमची ओळ लिहून दाखवली, प फ ब भ, आणि म्हटलं, आमच्याकडे एका जागी चार आहेत. त्या खुर्चीत बसून त्या चार अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या वर्षात माझ्याकडे काही जास्तीचं आहे असं मला पहिल्यांदा त्या तळघरात वाटलं.

आणि हाताची पाठ आठवली. कागदाऐवजी हात, एवढाच फरक.

मग मी सरावाला लागले. डिसेंबरात तिथं कधीकधी पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर जातो. विद्यापीठातून खोलीवर चालत यायला वीस मिनिटं लागायची, साडेचारलाच अंधारून यायचं, बर्फ बुटाखाली करकरायचा. त्या थंडीत मला कागदाची पट्टी लागेना. तोंडातून निघणारी वाफच दिसायची. प्रोफेसर. वाफ. पोएट्री. वाफ. स्पीच म्हटलं की वाफ नाही, कारण एसच्या मागून येणारा पी कोरडाच असतो, अगदी आपल्या प सारखा. अमेरिकन माणूस दिवसभर हे दोन्ही प बोलतो आणि त्याला ते दोन आहेत हे माहीतच नसतं. मला माहीत होतं. त्या रस्त्यावर एकटीनं चालताना माझ्यासमोर शब्दांचे ढग उठायचे आणि विरायचे. ते दिवस कठीण होते, पण त्या संध्याकाळी मी सुखात होते, हे मी लपवणार नाही. मला तो आवाज आवडायला लागला होता. पुढच्या सेमिस्टरला मी न लिहिता ‘पिअर रिव्ह्यू’ म्हटलं, वर्गानं वह्या उघडल्या, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इतका साधा क्षण, पण रात्री जेवताना तोच आठवून डोळे भरून आले.

दिवसा मी वेगळंच शिकत होते. ब्रज काचरू हे काश्मिरी भाषाशास्त्रज्ञ, त्यांनी आयुष्य याच राज्यात, इलिनॉय विद्यापीठात घालवलं. इंग्रजीची तीन वर्तुळं त्यांनी १९८५ साली मांडली. आतलं इंग्लंड-अमेरिकेचं, बाहेरचं आपल्यासारख्या देशांचं, आणि तिसरं पसरत जाणारं. बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नाही, तिला तिचे स्वतःचे नियम आहेत आणि स्वतःचा मान आहे, असं ते ठामपणे सांगत राहिले. मी ते मान्य करत होते. सेमिनारमध्ये मी त्यावर वीस पानांचा निबंध लिहिला, त्यातलं प्रत्येक वाक्य मनापासून लिहिलं. आणि निबंध देऊन खोलीवर जाताना वाफ सोडत चालले. या दोन गोष्टींची माझ्या मनात कधी भांडणं झाली नाहीत. व्हायला हवी होती का, हा प्रश्न मला कराडच्या स्वयंपाकघरात पडला.

त्या पहिल्या रात्री जेट लॅगनं अडीचला जाग आली. शेजारच्या खोलीत आईचा श्वास ऐकू येत होता. मी लॅपटॉप उघडला. लेखाचं नाव माहीत होतं, उच्चाराच्या वर्गातल्या बाईंनीच कधीतरी सांगितलं होतं. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोघांनी १९६४ साली अकरा भाषांमधले असे आवाज मोजले होते. ओठ उघडल्यापासून घशातला नाद सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच त्यांनी मोजलं. त्या अकरांत मराठी आहे. रात्री अडीचला त्या तक्त्यात ‘मराठी’ हे नाव बघताना गावाकडचं कुणीतरी परक्या स्टेशनवर दिसावं तसं झालं. इंग्रजी पी ला साधारण साठ मिलिसेकंद लागतात. आपला प जवळजवळ शून्यावर पडतो, आणि त्यांचा बी सुद्धा तिथेच, शून्याच्या आसपास. म्हणजे त्या मुलानं चुकीचं ऐकलंच नव्हतं. माझा प आणि त्याचा बी एकाच जागेवर उभे होते.

दुसरा लेख १९९७ सालचा. मिशेल सॅन्सिअर आणि कॅरोल फाउलर यांनी एकाच बाईचा आवाज अभ्यासला. पोर्तुगीज तिची मातृभाषा, ब्राझील आणि अमेरिका अशी तिची ये-जा. काही महिने अमेरिकेत राहून आली की तिच्या पोर्तुगीजमधल्या प आणि त या आवाजांत वारा वाढायचा. ब्राझीलला राहिली की कमी व्हायचा, आणि मग तिच्या इंग्रजीतूनही कमी व्हायचा. फरक अगदी थोडा, पाच-सहा मिलिसेकंदांचा. त्यांनी ती ध्वनिमुद्रणं दोन्हीकडच्या लोकांना ऐकवली. अमेरिकन श्रोत्यांना तिच्या इंग्रजीतला बदल ओळखता आला नाही. ब्राझीलच्या श्रोत्यांना तिच्या पोर्तुगीजमधला आला.

मी लॅपटॉप मिटला आणि अंधारात बसून राहिले.

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी एक आवाज मिळवला. फडताळात एक नवीन डबा आणून ठेवावा तसा, जुन्या डब्यांना धक्का न लावता. पण फडताळ तेवढंच होतं. नवा डबा ठेवताना जुना थोडा सरकला होता. दर रविवारी सकाळी नऊला मी आईला फोन करते, तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. शेकडो रविवार. फोनच्या खरखरीत हे तिला कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि तिनं समोरासमोर भेटायची वाट बघितली असेल. तीही तसलीच आहे. मी पंखा बंद केला, पांघरुणात शिरून फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. पाणी. पान. पोळी. पप्पा. आणि शेवटी फुलपात्र, कारण त्यात फ आणि प दोन्ही आहेत. सकाळी लॅपटॉपवर त्याच्या लहरी काढून पाहिल्या. फुलपात्रातला फ ठीक होता. पाण्यातला प शून्यावर नव्हता. साठावरही नव्हता. मध्येच कुठेतरी होता, दोन्ही घरांच्या उंबऱ्याबाहेर.

आईला काही सांगितलं नाही. पण पुढचे तीन आठवडे मी बोलताना अडखळत होते. भाजीवाल्याकडे पालक मागताना, देवळात पायऱ्या म्हणताना, शेजारच्या काकूंना ‘पोहे छान झालेत’ म्हणताना आधी ओठ मिटायचे आणि वारा आत धरून ठेवायचे. बिअर रिव्ह्यूच्या वेळी केलं होतं तेच, उलट्या दिशेनं. फरक इतकाच की तिथे मी एका परक्या वर्गासमोर होते आणि इथे प्रीतिसंगमाच्या वाटेवर, जिथली कुत्रीसुद्धा मला ओळखतात. एका रात्री मला रागही आला. आईचा राग. एवढंसं होतं ते, कशाला बोलून दाखवलं? मग वाटलं, तिच्याशिवाय हे ऐकणारं कोण आहे? अमेरिकेत माझ्या प मधला फरक आता कुणालाच ऐकू येत नाही. मराठी बोलणाऱ्या तिथल्या माझ्या मैत्रिणींनाही नाही, कारण त्यांचाही प माझ्याबरोबरच सरकला असणार. तिचा कान आहे तोवर कुणीतरी सांगेल. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बहीण आली होती, बरोबर तिचा मुलगा. पाच वर्षांचा, पुण्यात इंग्रजी शाळेत जातो. वीज गेली होती. आई त्याला घेऊन दाराच्या पायरीवर बसली, उजेड होता तिथे. अंकलिपी मांडीवर. मी बॅग भरता भरता उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. तो फणसाला ‘एफ’वाला फ लावत होता आणि आई न कंटाळता त्याचे ओठ दोन बोटांनी मिटवत होती. ‘दात नको लावू. ओठ मीट. आता सोड.’ हाताची पाठ त्याच्या तोंडासमोर. तिच्या त्या हातावर आता निळ्या शिरा वर आल्यात आणि कातडी पातळ झालीय. त्यानं जोर लावून फ म्हटला, थुंकीसकट. आईनं हात पदराला पुसला, परत धरला. ‘लागला वारा. शहाणा माझा. आता प म्हण. आता वारा नको हं.’

त्यानं म्हटला. छान, कोरडा, पतंगातला.

मग माझ्याकडे न बघता, डोळे अंकलिपीवरच ठेवून, आईनं दुसरा हात माझ्या तोंडासमोर आणला. हाताला हळदीचा आणि साबणाचा वास होता. भाचा मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी ओठ मिटले, आणि म्हटलं.

आईचा हात तिथेच राहिला.

‘परत,’ ती म्हणाली.